पाच चिन्हं, एकच मतदारसंघ : लक्ष्मण जगतापांनी पिंपरी-चिंचवडचं राजकारण कसं बदललं?

१० जून २०२२. राज्यसभेच्या सहा जागांसाठी विधानभवनात मतदान सुरू होतं. रिंगणात सात उमेदवार होते, त्यामुळे एकेका आमदाराच्या मताला सोन्याचा भाव आला होता. त्या दिवशी पुणे जिल्ह्यातून एक रुग्णवाहिका मुंबईत पोहोचली. आत होते चिंचवडचे भाजप आमदार लक्ष्मण जगताप. कर्करोगाने त्यांचं शरीर पोखरलं होतं, तरी ते मतदान करून गेले. दहा दिवसांनी विधान परिषदेची निवडणूक लागली, तेव्हाही ते असेच आले.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच लोकांनी जगतापांचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते या बातमीमुळे. पिंपरी-चिंचवडकरांना मात्र ते नाव छत्तीस वर्षांपासून माहीत होतं. काँग्रेस, राष्ट्रवादी, अपक्ष, शेकाप आणि भाजप असा प्रवास करूनही या माणसाला चिंचवडने विधानसभेला एकदाही हरवलं नाही.

हे कसं काय जमलं? आणि यात शहराचं काय झालं? सुरुवातीपासून बघू.

आधी शहर समजून घेऊ

आज जिथे मेट्रो धावते तिथे साठ-सत्तर वर्षांपूर्वी शेतं होती. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. साठच्या दशकात एमआयडीसी आली. पाठोपाठ बजाज, टेल्को असे मोठे कारखाने आले आणि राज्यभरातून कामगारांची रीघ लागली. सातारा-सांगलीपासून मराठवाडा, खानदेश, विदर्भापर्यंतचे लोक इथे आले आणि इथलेच झाले.

४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं मिळून नगरपालिका झाली. तिच्यामागे अण्णासाहेब मगर यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. कारखान्यांच्या मालावरच्या जकातीमुळे पालिकेची तिजोरी कायम भरलेली असायची. आशियातली सर्वात श्रीमंत महापालिका, असं कौतुक तेव्हापासून चालत आलंय.

लोकसंख्या २००१ मध्ये दहा लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती सतरा लाखांच्या पुढे गेली. हिंजवडीत आयटी पार्क आलं, चाकणला वाहन उद्योगाचा दुसरा पट्टा उभा राहिला आणि या दोन्हीकडे कामाला जाणारे लोक राहायला पिंपरी-चिंचवडमध्ये येऊ लागले.

राजकारण मात्र बराच काळ मूळ गावांच्या हातात राहिलं. पिंपळे गुरव, सांगवी, वाकड, रहाटणी, थेरगाव, भोसरी ही नावं आज उपनगरांची वाटतात. निवडणुकीत ती अजूनही गावंच असतात. भावकी, नातीगोती, गावची जत्रा, कुस्तीचा आखाडा आणि जमीन यांवर नेतृत्व उभं राहतं. लक्ष्मण पांडुरंग जगताप हे अशाच एका गावचे, पिंपळे गुरवचे.

तेविसाव्या वर्षी नगरसेवक

जगतापांचा जन्म १५ फेब्रुवारी १९६३ चा. महानगरपालिका झाल्यावर पहिली निवडणूक झाली १९८६ मध्ये. त्या निवडणुकीत ते काँग्रेसकडून नगरसेवक झाले, वय होतं तेवीस. तेव्हा शहर काँग्रेसमध्ये प्रा. रामकृष्ण मोरे यांचा शब्द चालायचा. हेच मोरे सर पुढे राज्याचे शिक्षणमंत्री झाले आणि पहिलीपासून इंग्रजीचा निर्णय त्यांच्याच काळात झाला.

१९९९ मध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली. शहराच्या राजकारणाची सूत्रं हळूहळू अजित पवारांकडे गेली आणि जगताप त्यांच्या जवळच्या कारभाऱ्यांमध्ये गणले जाऊ लागले. महापालिकेत त्यांनी स्थायी समितीचं अध्यक्षपद सांभाळलं आणि २००० ते २००२ या काळात ते महापौर होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. महापालिकेत महापौराला मान असतो, पण पैशाची चावी स्थायी समितीकडे असते. अंदाजपत्रक, निविदा, मोठे खर्च यांना तिथे मंजुरी मिळते. कोणत्या प्रभागात कधी रस्ता होणार हे ज्याला कळतं, त्याच्याभोवती नगरसेवक गोळा होतात. जगतापांनी ही दोन्ही पदं आतून पाहिली होती.

त्याचा उपयोग २००४ मध्ये दिसला. ते विधान परिषदेवर गेले ते स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून, आणि तेही अपक्ष म्हणून. या मतदारसंघात सामान्य माणूस मत देत नाही, नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य देतात. तिथे पक्षाशिवाय निवडून यायचं म्हणजे वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य तुमच्या शब्दाला किंमत देतात, असा त्याचा अर्थ होतो.

२००९ : पक्षाच्या आघाडीविरोधात आमदार

मतदारसंघांची पुनर्रचना होईपर्यंत या शहराचा मोठा भाग हवेली नावाच्या अवाढव्य विधानसभा मतदारसंघात होता. पुनर्रचनेत पिंपरी, चिंचवड आणि भोसरी असे तीन मतदारसंघ झाले. शहराला पहिल्यांदाच हक्काच्या तीन आमदारक्या मिळाल्या आणि प्रत्येक गावच्या पुढाऱ्याला आमदार व्हावंसं वाटू लागलं.

आघाडीच्या जागावाटपात चिंचवड काँग्रेसकडे गेलं. उमेदवारी मिळाली भाऊसाहेब भोईर यांना. जगताप अपक्ष उभे राहिले. शिवसेनेकडून होते श्रीरंग बारणे. निकाल असा लागला :

- लक्ष्मण जगताप (अपक्ष) : ७८,७४१
- श्रीरंग बारणे (शिवसेना) : ७२,१६६
- भाऊसाहेब भोईर (काँग्रेस) : २४,६८४

फरक फक्त ६,५७५ मतांचा होता, पण आघाडीचा अधिकृत उमेदवार कुठल्या कुठे फेकला गेला. शेजारच्या भोसरीतही हेच घडलं. तिथे राष्ट्रवादीच्या अधिकृत उमेदवार मंगला कदम यांना मागे टाकून विलास लांडे अपक्ष म्हणून निवडून आले. निवडून आल्यावर हे दोघेही अजित पवारांसोबतच राहिले. त्यामुळे ही बंडखोरी होती की ठरवून केलेली सोय, याची चर्चा शहरात पुढे कितीतरी वर्षं रंगत राहिली.

गुंठ्याचं घर आणि बुलडोझर

जगतापांचं राजकारण ज्या मुद्द्याभोवती सर्वात जास्त फिरलं तो मुद्दा म्हणजे अनधिकृत बांधकामं. शहराबाहेरच्या वाचकाला हा विषय रुक्ष वाटेल, पण पिंपरी-चिंचवडच्या मतदाराच्या डोक्यावरचं छप्परच त्यात अडकलं होतं.

१९७२ मध्ये कामगारांना स्वस्त घरं देण्यासाठी नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. घरं बांधण्याचा वेग मात्र शहर वाढण्याच्या वेगापुढे फारच कमी पडला. दुसरीकडे, आपली जमीन आज ना उद्या आरक्षणात जाणार या भीतीने अनेक शेतकऱ्यांनी ती गुंठा, अर्धा गुंठा करून विकली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. कारखान्यातल्या कामगाराला तेवढंच परवडत होतं. फंडाचे पैसे काढून, बायकोचे दागिने मोडून लोकांनी जागा घेतली आणि त्यावर दोन-तीन मजले चढवले. बांधकामाचा परवाना नव्हता. वीज आणि पाणी मिळालं, घरपट्टीही सुरू झाली.

अशा बांधकामांचा आकडा पालिकेच्याच नोंदीत साठ हजारांच्या पुढे गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि कारवाईचे आदेश निघाले. २०१२ मध्ये डॉ. श्रीकर परदेशी आयुक्त म्हणून आले आणि पाडापाडी जोरात सुरू झाली.

शहर यावरून दोन गटांत विभागलं. कायद्याने बांधलेल्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या अनेकांना परदेशी हिरो वाटत होते. ज्यांचं आयुष्यभराचं उत्पन्न त्या विटांमध्ये होतं, त्यांना रात्री झोप लागत नव्हती. त्यात शास्तीकराची भर पडली. अनधिकृत बांधकामावर नेहमीच्या मालमत्ता कराच्या दुप्पट दंड, तोही दरवर्षी. म्हणजे घर पाडलं तरी मरण आणि नाही पाडलं तरी थकबाकीचा डोंगर.

फेब्रुवारी २०१४ मध्ये परदेशींची बदली झाली आणि त्यावरून नागरिकांचा एक वर्ग रस्त्यावर उतरला. पण घरं नियमित करण्याचा प्रश्न तसाच लटकत राहिला. सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं. याच प्रश्नावर सरकार काही करत नाही, असं सांगत जगतापांनी आघाडीपासून फारकत घेतली.

मावळची हार

२०१४ ची लोकसभा निवडणूक जगताप मावळमधून लढले, आणि चक्क शेतकरी कामगार पक्षाकडून. घाटावरच्या नेत्याला शेकाप कसा काय सुचला?

उत्तर मावळच्या नकाशात आहे. या लोकसभा मतदारसंघात पुणे जिल्ह्यातले चिंचवड, पिंपरी, मावळ आहेत आणि घाट उतरल्यावर रायगडमधले पनवेल, कर्जत, उरण. रायगडच्या पट्ट्यात तेव्हा शेकापची चांगली ताकद होती. वरून जगतापांची मतं, खालून शेकापची, असं गणित होतं. मनसेनेही पाठिंबा दिला होता.

गणित कागदावर राहिलं. मोदी लाटेत शिवसेनेचे श्रीरंग बारणे ५,१२,२२६ मतं घेऊन खासदार झाले. जगतापांना ३,५४,८२९ मतं मिळाली. हार १,५७,३९७ मतांची होती. पण तिसऱ्या क्रमांकावर कोण होतं? राष्ट्रवादीचे अधिकृत उमेदवार राहुल नार्वेकर, जे पुढे भाजपमध्ये जाऊन विधानसभेचे अध्यक्ष झाले. पवारांच्या पक्षाला स्वतःच्या बालेकिल्ल्यात तिसऱ्या क्रमांकावर जावं लागलं होतं.

कमळ हाती, सत्ता पालटली

लोकसभेनंतर काही महिन्यांतच जगताप भाजपमध्ये गेले. ऑक्टोबर २०१४ मध्ये युती आणि आघाडी दोन्ही तुटलेल्या असताना त्यांनी चिंचवडमध्ये १,२३,७८६ मतं घेतली. शिवसेनेचे राहुल कलाटे ६०,२९७ मतांनी मागे राहिले.

भाजपला शहरात तोपर्यंत फारसं कोणी विचारत नव्हतं. २०१२ च्या महापालिका निवडणुकीत १२८ पैकी भाजपच्या जागा होत्या तीन, राष्ट्रवादीच्या ८३. आता राज्यात सत्ता होती आणि शहरात जगताप होते. २०१७ च्या निवडणुकीआधी ते भाजपचे शहराध्यक्ष होते. भोसरीचे अपक्ष आमदार महेश लांडगे पक्षात आले. आझम पानसरे आले. राष्ट्रवादीतल्या नगरसेवकांची तर रांगच लागली.

फेब्रुवारी २०१७ चा निकाल :

- भाजप : ७७
- राष्ट्रवादी : ३६
- शिवसेना : ९
- अपक्ष : ५
- मनसे : १

तीनवरून सत्त्याहत्तर. अजित पवारांच्या हातून पिंपरी-चिंचवड गेलं आणि नितीन काळजे भाजपचे शहरातले पहिले महापौर झाले.

निवडून आलेल्यांची नावं वाचली की एक गोष्ट लगेच लक्षात येते. त्यातले अनेक चेहरे जुनेच होते. त्यामुळे राष्ट्रवादीच शहरात भाजप म्हणून निवडून आली, असा टोमणा विरोधकच नाही, तर भाजपचे जुने निष्ठावंतही मारत होते. पुढची पाच वर्षं महापालिकेत जगताप गट आणि लांडगे गट अशी पदांची वाटणी चालली. काळजे आणि त्यांच्यानंतरचे राहुल जाधव हे लांडगे यांच्या बाजूचे मानले गेले, तर २०१९ मध्ये महापौर झालेल्या सांगवीच्या माई ढोरे जगतापांच्या बाजूच्या.

राष्ट्रवादीवर भ्रष्टाचाराचे आरोप करत भाजप सत्तेवर आला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये भाजपच्याच स्थायी समिती अध्यक्षांना लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने अटक केली, तेव्हा तेच आरोप उलटून आले.

घरांचं पुढे काय झालं?

२०१७ मध्ये राज्य सरकारने नगररचना कायद्यात बदल करून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामं अटींवर नियमित करण्याची वाट मोकळी केली. पण अटी आणि शुल्क बघून फार कमी लोक अर्ज करायला पुढे आले. प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झालं. शास्तीकर रद्द करण्याचा शासन निर्णय निघाला २०२३ च्या सुरुवातीच्या महिन्यांत, म्हणजे जगताप गेल्यानंतर.

ज्या प्रश्नावर त्यांनी पक्ष सोडला, त्यातला दंडाचा भाग असा सुटला. घर कागदावर अधिकृत होण्याचा भाग हजारो कुटुंबांसाठी अजून बाकी आहे. त्यांच्या राजकारणाचा हिशोब मांडताना ही बाजूही धरावी लागते. या घरांना संरक्षण मिळवून देण्याचं राजकारण झालं, पण अशी घरं पुन्हा उभीच राहू नयेत यासाठी कामगाराला परवडणारं कायदेशीर घर पुरेसं कोणीच दिलं नाही. ते अपयश एका नेत्याच्या खात्यावर टाकता येणार नाही, कारण या काळात सगळ्याच मोठ्या पक्षांनी कधी ना कधी राज्य केलंय.

२०१९ : जुने वैरी एकत्र

२०१९ च्या लोकसभेला युती झाली आणि जगतापांना दोन वेळचे प्रतिस्पर्धी बारणे यांचाच प्रचार करावा लागला. समोर होते अजित पवारांचे पुत्र पार्थ पवार. बऱ्याच मनधरणीनंतर जगताप आणि बारणे यांनी हात मिळवले आणि पार्थ दोन लाखांहून अधिक मतांनी हरले. पवार घराण्यातल्या उमेदवाराचा हा पराभव राज्यभर गाजला.

विधानसभेला मात्र चिंचवडची लढत अटीतटीची झाली. शिवसेनेतून बंडखोरी करून कलाटे अपक्ष उभे राहिले आणि राष्ट्रवादीने त्यांनाच पाठिंबा दिला. जगताप १,५०,७२३ मतं घेऊन जिंकले, पण कलाटेंनी १,१२,२२५ मतं घेतली. दहा वर्षांपूर्वी जगतापांनी जी वाट चोखाळली होती, त्याच वाटेने आता दुसरा कोणीतरी त्यांना गाठू पाहत होता.

शेवटची दोन मतं

२०२२ मध्ये जगताप गंभीर आजारी पडले. जूनमध्ये राज्यसभेची निवडणूक आली. भाजपचे तिसरे उमेदवार धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार यांच्यात सहाव्या जागेसाठी चुरस होती. जगताप आणि पुण्याच्या कसबा पेठेच्या आमदार मुक्ता टिळक, दोघेही कर्करोगाशी झुंजत असताना मतदानाला आले. महाडिक जिंकले आणि देवेंद्र फडणवीसांनी तो विजय या दोघांना अर्पण केला.

२० जूनच्या विधान परिषद निवडणुकीत या दोघांच्या मतपत्रिका दुसऱ्यांनी पेटीत टाकल्या म्हणून काँग्रेसने हरकत घेतली. मतमोजणी रखडली. निवडणूक आयोगाने हरकत फेटाळली. भाजपचे पाचही उमेदवार निवडून आले आणि काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतकडे निघाले आणि महाविकास आघाडी सरकारची उलटी गिनती सुरू झाली.

आजारी माणसाला असं आणावं का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. कोणाला त्यात पक्षनिष्ठा दिसली, कोणाला सत्तेचं निष्ठूर गणित. गंमत अशी, की आयुष्यभर ज्यांच्यावर पक्ष बदलल्याची टीका झाली, त्यांच्या शेवटच्या पर्वाची ओळख निष्ठावान आमदार अशी झाली.

२२ डिसेंबर २०२२ रोजी मुक्ता टिळक गेल्या. ३ जानेवारी २०२३ रोजी लक्ष्मण जगताप गेले. वय होतं एकोणसाठ.

जगतापांनंतरचं चिंचवड

२६ फेब्रुवारी २०२३ रोजी कसबा आणि चिंचवड, दोन्हीकडे पोटनिवडणूक झाली. कसब्यात भाजपने टिळक घराण्याबाहेरचा उमेदवार दिला आणि काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी तो गड घेतला. चिंचवडमध्ये उमेदवारी जगतापांच्या पत्नी अश्विनी यांना मिळाली. निकाल असा होता :

- अश्विनी जगताप (भाजप) : १,३५,६०३
- नाना काटे (राष्ट्रवादी) : ९९,४३५
- राहुल कलाटे (अपक्ष) : ४४,११२

काटे आणि कलाटे यांची बेरीज १,४३,५४७ होते, म्हणजे विजयी मतांपेक्षा ७,९४४ जास्त. सगळीच मतं एकगठ्ठा एकाकडे गेली असती असं नाही, पण सहानुभूती असूनही भाजपला तिरंगी लढतीचा फायदा झाला हे आकडे सांगतात.

२०२४ मध्ये उमेदवारी घरातच राहिली, फक्त वहिनींकडून दिरांकडे गेली. लक्ष्मणभाऊंचे धाकटे बंधू शंकर जगताप तोपर्यंत भाजपचे शहराध्यक्ष झाले होते. त्यांनी २,३५,३२३ मतं घेऊन राष्ट्रवादी शरद पवार गटाच्या कलाटेंना १,०३,८६५ मतांनी हरवलं. आणि अजित पवार? ज्यांच्याकडून जगतापांनी शहर काढून घेतलं होतं, ते आता भाजपसोबत महायुतीत होते.

थोडक्यात काय?

जगतापांच्या कारकिर्दीवरून एक गोष्ट समजते. झपाट्याने वाढलेल्या शहरात पक्षाची संघटना पोहोचायच्या आधी माणूस पोहोचतो. नळाला पाणी नाही, घरावर नोटीस आलीय, पोराला शाळेत प्रवेश हवाय, अशा वेळी मतदार चिन्ह शोधत नाही. फोन उचलणारा माणूस शोधतो. समर्थकांसाठी जगताप तो माणूस होते. टीकाकार म्हणतात, की याच पद्धतीमुळे शहराची सत्ता मोजक्या गावांच्या मोजक्या घरांमध्ये अडकली आणि राज्यभरातून येऊन हे शहर उभं करणाऱ्या कामगाराच्या वाट्याला बहुतेक वेळा फक्त मतदार यादीतलं नाव आलं.

दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. आज चिंचवड हा राज्यातल्या सर्वाधिक मतदारांच्या मतदारसंघांपैकी एक आहे. वाकड, रावेत, पुनावळेच्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या अनेकांना पिंपळे गुरवची भावकी ठाऊक नाही आणि तिच्याशी देणंघेणंही नाही. त्यांच्या तक्रारी टँकरच्या आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकच्या आहेत. २०२४ चं लाखाचं मताधिक्य जगतापांच्या नावाला मिळालं की कमळाला, हे त्या आकड्यावरून वेगळं काढता येत नाही. २००९ ला मात्र ते स्वच्छ दिसलं होतं, कारण तेव्हा जगतापांच्या नावापुढे कोणत्याच पक्षाचं चिन्ह नव्हतं.